‘ब्लू मंडे’ : एका तबकडीचे श्रोते

इंग्लंडातील मँचेस्टर शहरी ‘फॅक्टरी’ नावाच्या एका छोट्या ध्वनिमुद्रण संस्थेने ७ मार्च १९८३ रोजी एक तबकडी विक्रीस काढली. आकार बारा इंची, वेष्टन काळे, त्याला ठिकठिकाणी कोरून पाडलेली भोके आणि भोकांतून डोकावणारे आतले चंदेरी पाकीट. त्या काळच्या संगणकांत घालावयाची जी चौकोनी फ्लॉपी असे, तिचेच हे मोठे रूप. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस ना गाण्याचे नाव, ना गाणाऱ्यांचे. उजव्या कडेला रंगांच्या लहान चौकोनांची एक पट्टी तेवढी होती. ती एक सांकेतिक लिपी होती आणि तिची किल्ली मे महिन्यात त्याच बँडची मोठी तबकडी निघाली तेव्हा तिच्या पाठीवर छापली गेली. म्हणजे मार्चमध्ये घेतलेली वस्तू मेमध्ये वाचावयाची. ग्राहकाच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणारा असा व्यापार आपल्याकडील एखाद्या दुकानदाराने केला असता, तर घरच्यांनीच त्याला गल्ल्यावरून उठविले असते.

गाण्याचे नाव ‘ब्लू मंडे’, बँडचे नाव ‘न्यू ऑर्डर’. पुढे ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली बारा इंची तबकडी म्हणून तिची नोंद झाली. गेल्या चार दशकांत त्या गाण्याची कितीतरी नवी मिश्रणे निघाली, इतरांनी ते आपापल्या परीने गाऊन ध्वनिमुद्रित केले. यांतील खरे गाणे कोणते, यावर श्रोत्यांचे आजही एकमत नाही. हे मतभेद मला केवळ आवडीनिवडीचे वाटत नाहीत. त्यामागे एक जुना प्रश्न आहे : गाणे एकदा लोकांत गेले की ते कोणाचे?

तो प्रश्न या बँडच्या बाबतीत अधिकच बोचरा होता, कारण त्याचा जन्मच एका मृत्यूतून झालेला. जून १९७६ मध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील लहान सभागृहात ‘सेक्स पिस्टल्स’चा कार्यक्रम झाला. श्रोते मोजकेच होते. त्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे दोन तरुण मित्र होते. ते ऐकून त्यांनी स्वतःचा बँड काढण्याचे ठरविले. त्यातून ‘जॉय डिव्हिजन’ उभा राहिला. इयान कर्टिस हा त्याचा गायक व कवी, स्टीफन मॉरिस तालवादक. अपस्मार आणि मनाची घालमेल यांनी ग्रासलेल्या कर्टिसने १८ मे १९८० रोजी, बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघणार त्याच्या आदल्या दिवशी, आत्महत्या केली. वय अवघे तेवीस. आपल्यापैकी कोणी एक गेला तर हे नाव पुन्हा वापरायचे नाही, असा चौघांचा आपसांत करार होता. उरलेल्या तिघांनी तो पाळला, नवे नाव घेतले, जिलियन गिल्बर्ट ही वादक चौथी म्हणून आली.

‘जॉय डिव्हिजन’चे श्रोते तसे कट्टर. काळोखी, संथ, अंतर्मुख गाणी ऐकण्याची त्यांना सवय. समनर गाऊ लागला खरा, पण त्याचा आवाज कर्टिसच्या आवाजापुढे कोवळा आणि अनिश्चित वाटे. १९८१ साली आलेल्या पहिल्या मोठ्या तबकडीवर गेलेल्या मित्राची सावली पडलेली होती. अशा स्थितीत दोनच वर्षांनी तीच माणसे यंत्राच्या ठोक्यावर नाचायला लावणारे साडेसात मिनिटांचे गाणे घेऊन आली. जुन्या श्रोत्यांपैकी काहींना तो द्रोह वाटला. घरात वर्षश्राद्ध होते न होते तोच ताशा वाजावा, तसे काहीसे. उलट, नृत्यगृहांत जाणाऱ्या नव्या पिढीला कर्टिसची गोष्टच ठाऊक नव्हती. त्यांनी हे गाणे पायांनी ऐकले. एकाच तबकडीचे दोन श्रोतृवर्ग पहिल्याच महिन्यात तयार झाले, ते असे.

आता ते गाणे घडले कसे, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण ‘मूळ’ या शब्दाची येथेच पंचाईत होते.

कार्यक्रमाच्या शेवटी श्रोत्यांनी ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणून केलेला आग्रह न मानण्याबद्दल हा बँड कुप्रसिद्ध होता. समनरने सांगितलेली हकीगत अशी की, एखादे कळ दाबताच आपोआप वाजणारे गाणे तयार करावे, म्हणजे यंत्र वाजत राहील आणि आपण खुशाल निघून जाऊ, अशी मूळ कल्पना. त्यासाठी ओबरहाइम कंपनीचे ‘डीएमएक्स’ हे तालयंत्र, मूग कंपनीचा सिंथेसायझर, ध्वनी साठवून पुन्हा वाजविणारा ‘इम्युलेटर’ आणि समनरने सुटे भाग जोडून घरी बनविलेला एक सीक्वेन्सर, एवढी सामग्री जमली. ही यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून ती आज बनतात तशी त्या वेळी बनत नसत. त्यांची सोयरीक जुळविण्यातच निम्मा वेळ गेला. एकदा मॉरिसच्या पायाने तालयंत्राची वीजजोडणी निसटली आणि घडवत आणलेला सारा ताल पुसला गेला. तो आठवून पुन्हा रचावा लागला. हुकच्या म्हणण्याप्रमाणे हरवलेला ताल अधिक सरस होता. हरवलेल्या गोष्टींबद्दल असे म्हणण्याची सोय नेहमीच असते.

गिल्बर्टने सुरावट यंत्रात भरण्याआधी ती लांबलचक कागदावर एकेक खूण करून लिहून काढली, विणकामाचा नमुना लिहावा तशी. त्यात एक स्वर लिहावयाचा राहिला. परिणामी सुरावट तालाच्या किंचित मागेपुढे सरकते. चौघांना ते सरकणे आवडले, म्हणून चूक तशीच ठेवली. आज ते गाणे ज्यांच्या कानांत बसले आहे, त्यांना ती चूक दुरुस्त करून ऐकविली तर बहुधा तेच चुकीचे वाटेल.

याहून महत्त्वाची गोष्ट उधारीची. सुरुवातीचा तो प्रसिद्ध धडधडता ठेका सुचला डोना समरच्या ‘अवर लव्ह’ या गाण्यावरून. खालच्या पट्टीतील धावती सुरावट अमेरिकेच्या सिल्व्हेस्टर या गायकाच्या एका डिस्को गाण्याची ऋणी आहे. मांडणी ‘क्लाइन अँड एमबीओ’ या इटलीतील जोडीच्या १९८२ च्या तबकडीची. मध्येच जो समूहस्वर धुक्यासारखा उठतो, तो तर ‘क्राफ्टवेर्क’ या जर्मन बँडच्या १९७५ मधील ‘युरेनियम’मधून सरळ उचलून इम्युलेटरमध्ये साठविलेला. हुकच्या गिटारवादनावर एनियो मोरिकोनेच्या चित्रपटसंगीताची छाया आहे. नावसुद्धा कर्ट व्होनेगट या अमेरिकी कादंबरीकाराच्या १९७३ मधील कादंबरीच्या उपशीर्षकावरून घेतलेले, आणि गंमत म्हणजे गाण्याच्या शब्दांत ते नाव एकदाही येत नाही. बँडच्या सभासदांनी हे सारे मोकळेपणाने सांगितले आहे. मग ज्याला पुढच्या सर्व आवृत्त्यांच्या विरुद्ध ‘मूळ’ म्हणून उभे करावयाचे, ते स्वतःच गोधडीसारखे शिवलेले निघते.

आपल्याकडे यात कोणाला नवल वाटू नये. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी पदांच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असे छापलेले पाहिलेच असेल. कानडी पद, लावणी, ठुमरी, होरी, कोठलीही चाल तेथे चाले. पद आपले ठरे ते गायकाच्या गळ्यातून. फरक एवढाच की आपण उधारी डोक्यावर छापत होतो.

परत तबकडीकडे. ती मार्चमध्ये निघाली आणि यादीत हळूहळू चढत बाराव्या क्रमांकापर्यंत गेली. ३१ मार्च रोजी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात तिचे सादरीकरण झाले. तेथे ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलविण्याचा रिवाज होता. या मंडळींनी खरोखर वाजविण्याचा हट्ट धरला, यंत्रे नीट चालली नाहीत आणि एका फिकट, अवघडलेल्या प्रयोगाचे दर्शन देशाला घडले. दूरदर्शनवर झळकल्याने तबकड्या खपतात असा अनुभव. येथे उलट झाले, ती खाली घसरली. त्यानंतर उन्हाळा आला. सुटीसाठी भूमध्य समुद्राकाठी गेलेल्या ब्रिटिश तरुणांनी तेथील नृत्यगृहांत हे गाणे ऐकले आणि परतल्यावर ते दुकानांत मागू लागले, असे तेव्हापासून सांगितले जाते. कारण काहीही असो, ऑक्टोबरमध्ये तबकडी पुन्हा वर आली आणि नवव्या स्थानी पोहोचली. जाहिरातीवाचून, आकाशवाणीवर फारशी न वाजता, लांबी साडेसात मिनिटे असूनही. श्रोत्यांच्या मताचा याहून स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही.

या यशाचे पैसे मात्र आले नाहीत, किंवा आले ते टिकले नाहीत. पीटर सॅव्हिलने आखलेले ते कोरीव वेष्टन इतके महाग पडले की सुरुवातीच्या प्रत्येक प्रतीमागे संस्थेला तोटा होई, असे ‘फॅक्टरी’चा टोनी विल्सन रंगवून सांगे. तोट्याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. पुढच्या प्रतींत भोके गेली. संस्था ध्वनिमुद्रण व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघाची सभासद नसल्याने, इतका खप होऊनही सुवर्ण तबकडीचा मान मिळाला नाही. जे पैसे आले त्यांतले बरेचसे २१ मे १९८२ रोजी उघडलेल्या ‘हासिएंदा’ या नृत्यगृहाने गिळले. त्यात बँडचाही वाटा होता. नृत्यगृह कसे चालवू नये, या अर्थाच्या नावाचे पुस्तकच हुकने २००९ साली लिहिले. नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘फॅक्टरी’चे दिवाळे वाजले, १९९७ मध्ये हासिएंदाला टाळे लागले. कापडगिरण्यांच्या गावात ‘कारखाना’ नाव घेऊन उभी राहिलेली संस्था गिरण्यांच्याच वाटेने गेली. इंदूर-बडोद्याच्या वाचकांना ती वाट वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

पहिले अधिकृत नवे मिश्रण १९८८ चे. अमेरिकेत या बँडच्या तबकड्या क्विन्सी जोन्स यांची संस्था काढीत असे. त्यांच्याच देखरेखीखाली जॉन पोटोकर यांनी ते केले. गाणे छोटे झाले, कडा घासून गुळगुळीत झाल्या, मध्ये नव्या आवाजांची पेरणी झाली. ब्रिटनमध्ये ही आवृत्ती तिसऱ्या क्रमांकावर गेली, म्हणजे मूळ गाण्याच्याही वर, आणि अमेरिकेच्या नृत्यसंगीताच्या यादीत पहिली आली. तिच्यासोबतच्या चित्रफितीत छायाचित्रकार विल्यम वेगमन यांची कुत्री मोठ्या गांभीर्याने वावरते. ते चित्र ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनात गाणे त्या कुत्रीपासून वेगळे होत नाही. १९९५ साली जर्मनीच्या ‘हार्डफ्लोर’ या जोडीचे मिश्रण आले. ते सतराव्या क्रमांकापर्यंत गेले.

या मिश्रणांविषयी श्रोत्यांचे बोलणे ऐकले की एक गोष्ट ध्यानात येते. ज्याने जे रूप आधी ऐकले, ते त्याला मूळ वाटते. १९८३ चा श्रोता म्हणतो, १९८८ मध्ये गाण्याचा एकाकीपणा गेला, त्याला पार्टीचे कपडे चढविले. १९८८ मध्ये वयात आलेला म्हणतो, जुने गाणे उगाच लांबविलेले आहे, शब्द सुरू व्हायला दोन मिनिटांहून अधिक वेळ घेते. दोघेही प्रामाणिक आहेत. पण मला पहिल्याचे म्हणणे अधिक पटते. ती दोन मिनिटे हेच या गाण्याचे मर्म आहे. कोणी गाणार आहे की नाही याची खात्री नसताना यंत्र वाजत राहते आणि मग समनरचा तो निर्विकार, जवळजवळ कंटाळलेला स्वर येतो. ज्यांच्यातला गाणारा गेला होता, त्यांच्या गाण्यात ही वाट पाहणे आपोआप उतरले असावे. ती कापली की उरतो तो चांगला ठेका.

इतरांनी गायलेल्या रूपांची कथा निराळी. १९९८ साली अमेरिकेच्या ‘ऑर्जी’ या बँडने ते कर्कश गिटारांवर घेतले. तेथील तरुणांत ते इतके पसरले की पुढे मूळ तबकडी कानी पडल्यावर ‘हे तर ऑर्जीच्या गाण्याचे मिळमिळीत रूप’ असे समजणारे श्रोते निर्माण झाले. जुन्या मँचेस्टरकरांचा यावरचा संताप समजण्यासारखा आहे. तरी ऑर्जीने एक गोष्ट उघडी केली : शब्दांत राग आहे. दुखावलेल्या माणसाने दुसऱ्याला विचारलेला जाब आहे. समनरने तो बर्फात ठेवला होता, यांनी विस्तवावर ठेवला. २००६ साली फ्रान्सच्या ‘नूव्हेल व्हाग’ या मंडळींनी तेच गाणे ब्राझिलच्या बोसा नोव्हाच्या अंगाने, झुळकीसारखे गायले. ते मला ऐकताना गोड वाटते आणि संपताच विसरते. २००२ च्या फेब्रुवारीत ब्रिट पारितोषिकांच्या समारंभात कायली मिनोगने स्वतःच्या गाजलेल्या गाण्याला ‘ब्लू मंडे’चा ठेका जोडून सादर केले, तेव्हा मात्र दोन्ही गाणी एकमेकांसाठीच जन्मली होती की काय असे वाटावे इतकी ती जुळली.

नेमक्या त्याच वर्षी, २००२ मध्ये, आपल्याकडे ‘काँटा लगा’चे रिमिक्स निघाले आणि घराघरांत वाद पेटला. १९७२ च्या ‘समाधी’ चित्रपटातले राहुल देव बर्मन यांचे ते गाणे लताबाईंनी गायलेले. त्याआधी ऐंशीच्या दशकात गुलशनकुमार यांच्या कंपनीने नव्या आवाजांत जुनी गाणी काढून स्वस्त कॅसेटचा बाजार वसविलाच होता. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात दोन वर्षांनंतर अशी आवृत्ती काढण्याची वाट होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांची झाली आणि अटी कडक झाल्या. इंदुरात जन्मलेल्या लताबाईंनी रिमिक्सविषयीची आपली नाराजी कधी लपविली नाही. २०१८ साली ‘पाकीझा’तील एका गाण्याचे नवे रूप आले, तेव्हाही त्यांनी ती जाहीरपणे मांडली.

हे दोन वाद एकाच तराजूत तोलण्याची घाई होते, आणि मला ती चूक वाटते. मँचेस्टरच्या चौघांचे गाणे त्यांच्याच संमतीने पुन्हा मिसळले गेले. आवडले नाही तर ‘नको’ म्हणण्याचा त्यांना हक्क होता. ‘काँटा लगा’च्या वेळी गायिकेला कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पंचमदा तर १९९४ सालीच गेले होते. त्यामुळे आपल्याकडील श्रोत्याचा राग निव्वळ चवीचा नव्हता. त्यात, ज्याचे आहे त्याला विचारले नाही, हा घरंदाज आक्षेप होता. तो मला मान्य आहे. त्याच आक्षेपाच्या आडून कित्येकांनी नव्या प्रत्येक रूपाला भ्रष्ट ठरविले, तेवढे मान्य नाही. तसे असते तर आपली निम्मी नाट्यपदे बाद ठरतील.

बँडच्या घरात तरी संमती उरली का, हेही पाहावे. २००७ साली हुक बाहेर पडला. बाकीच्यांनी २०११ मध्ये त्याच्यावाचून ‘न्यू ऑर्डर’ पुन्हा सुरू केले. हुकने स्वतःचा वेगळा बँड उभारून जुन्या तबकड्याच्या तबकड्या रंगमंचावर वाजविण्यास आरंभ केला. २०१५ मध्ये उत्पन्नाच्या वाटणीवरून प्रकरण न्यायालयात गेले, २०१७ मध्ये तडजोड झाली. १९७६ च्या त्या सभागृहात शेजारी उभे असलेले हे दोन मित्र. आज ‘ब्लू मंडे’ दोन घरांत वाजते. एकीकडे समनरचा आवाज आहे आणि हुकचे गिटार नाही, दुसरीकडे हुकचे गिटार आहे आणि आवाजही त्याचाच. भाऊबंदकीत देवघर कोणाकडे गेले आणि विहीर कोणाकडे, याचे हिशेब ज्या घराण्यांनी पाहिले आहेत, त्यांना येथे ‘मूळ घर कोणते’ हे विचारण्याचा धीर होणार नाही. श्रोते मात्र दोन्हीकडे जातात. ते वाटणीत नव्हते.

गाणे निघाल्याला तेहतीस वर्षे झाली त्या दिवशी, ७ मार्च २०१६ रोजी, बीबीसीने एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. ‘ऑर्केस्ट्रा ऑब्सोलीट’ या वादकांनी ‘ब्लू मंडे’ १९३० च्या दशकात उपलब्ध असलेल्या वाद्यांवरच वाजविले. विजेच्या लहरींवर हवेत हात फिरवून वाजविण्याचे थेरेमिन, करवतीच्या पात्यावर गज फिरवून काढलेले सूर, तारांत वस्तू अडकविलेला पियानो आणि हार्मोनियम. ज्या गाण्याने माणसाला बाजूला सारून यंत्राला पुढे आणले, तेच येथे हातांनी, श्वासाने, भात्याने वाजते. १९४० ते १९७१ पर्यंत आकाशवाणीने परके म्हणून दाराबाहेर ठेवलेली आणि तरीही आपल्या घराघरांत नांदलेली ती पेटी ‘ब्लू मंडे’च्या सुरावटीला अशी बसते की, फ्लॉपीच्या वेष्टनातून निघालेले हे गाणे क्षणभर तिच्यासाठीच रचले असावे असे वाटते.